पत्र्याचं छप्पर, पश्चिमेची भिंत : दापोलीकडच्या एका घराच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजन

जुनं घर उतरवून नवं बांधायचं, असं आज आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर केलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा घराचं पश्चिमेचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, आमच्या डोळ्यांदेखत उघडं पडलं. तेव्हापासून चार पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली काढलेत.

नवं घर ३० फूट बाय २६ फूट, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. आढं (छपराचा माथा) उत्तर-दक्षिण, म्हणजे एक पाखं समुद्राकडे आणि दुसरं डोंगराकडे. समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटरवर. वाडीतली आणखी दोन-तीन घरं याच वाटेवर आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून खर्च, चुका, फुकट गेलेले दिवस सगळं लिहून ठेवणार आहे.

१० डिसेंबर

कौलं की पत्रा यावर महिना गेला. सासूबाईंचा जीव कौलांत. माझाही आहे, कौलांखालच्या खोलीतली दुपार मला ठाऊक आहे. पण वानरांची टोळी आंब्यावरून उडी टाकते ती थेट पाख्यावर, आणि दरवर्षी दीडदोनशे कौलं फुटतात. मृगाआधी शाकारणीला, म्हणजे कौलं नीट लावून घ्यायला, माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी ७३ वर्षांचे आप्पा शिडीवर चढले होते. ते दृश्य मला पुन्हा नको आहे.

सिमेंटचा पत्रा पहिल्याच फेरीत बाद. निसर्गानंतर त्याचे तुकडे गावभर पडले होते, त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि आप्पांना दमा आहे. साधा जीआय, म्हणजे नुसत्या जस्ताच्या लेपाचा पत्रा स्वस्त, पण आमच्या गोठ्यावरचा जीआय खाऱ्या वाऱ्याने खिळ्यांभोवती चाळणीसारखा झालाय. उरला ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचा रंगीत पत्रा. त्याच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो.

गोठ्यावर मात्र हा पत्रा घालायचा नाही. शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया ॲल्युमिनियमला खातो. तेव्हा जुन्या घराची चांगली कौलं निवडून गोठ्यावर चढवायची ठरली. सासूबाईंनी आजच ती धुवायला घेतली.

२१ जानेवारी २०२४

आजची नोंद पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची.

तीन दुकानांतून "०.५० मिमी" म्हणून नमुन्याचे तुकडे आणले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, प्रयोगशाळेतला जाडी मोजायचा स्क्रूगेज हाताशी होता. पहिला तुकडा भरला ०.४४, दुसरा ०.४९, तिसरा ०.५०. पहिल्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाले, "बाई, एवढा फरक चालतो." फुटामागे चार रुपये स्वस्त का होतं ते कळलं.

यात आणखी एक मेख आहे. ०.५० ही जाडी रंग आणि लेप धरून असते. आतलं नुसतं पोलाद ०.४२-०.४३च्या आसपास भरतं. म्हणून दुकानात विचारताना "रंगासकट की रंगाशिवाय?" हे विचारायचंच. लेप किती तेही विचारायचं. १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. आम्हाला समुद्राजवळ तो हवा होता. आतल्या गावांत कमी लेपावर भागेल कदाचित, पण स्वस्त कोटेशन आलं की ते बहुतेक इथेच स्वस्त झालेलं असतं.

स्क्रूगेज नसेल तर किराणा दुकानाचा काटा पुरतो. नेहमीच्या चार फुटी पट्टीतून वळवलेला पत्रा असेल तर एक फूट लांबीचा पूर्ण रुंदीचा तुकडा मागायचा. खरा ०.५० असेल तर सुमारे १ किलो ३३० ग्रॅम भरतो. ०.४४वाला माझ्यासमोर १ किलो १५० भरला.

४ फेब्रुवारी

रंगावरून घरात दोन तट. सासूबाईंना विटकरी हवा, कौलासारखा. दोन्ही रंगांचे हातभर तुकडे अंगणात दोन विटांवर ठेवले आणि दुपारी दोनला खालून तापमापी लावली. विटकरी ६१ अंश, साय-पांढरा ४९. सासूबाईंनी दोन्हींच्या खाली हात धरून पाहिला आणि "पांढराच घ्या" म्हणाल्या. दरात काहीच फरक नाही.

३ मार्च

भिंतींवरच्या बीमचं काँक्रीट झालं. निसर्गाच्या वेळी आमच्या वाडीत दोन घरांचे पत्रे सांगाड्यासकट भिंतीवरून उचलले गेले होते, सांगाडा नुसता भिंतीत चिणलेला होता. म्हणून या खेपेला प्रत्येक कैचीखाली (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याखाली) बीमच्या सळ्यांना अडकवलेले १२ मिमीचे बोल्ट सोडायचे ठरले होते. दहा जागा. मिस्त्रींनी आठ सोडले, दोन राहिले. मी शाळेतून आले तेव्हा काँक्रीट आवळून गेलं होतं. पुढे त्या दोन जागी भोकं पाडून केमिकलने बोल्ट बसवले, १,४०० रुपये गेले. काँक्रीट ओतायच्या आधी बोल्ट स्वतः मोजायला हवे होते, तेवढं केलं असतं तर भागलं असतं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सांगाडा उभा राहिला. उतार फुटाला पाच इंच. फॅब्रिकेटर फुटाला तीन म्हणत होते, त्यात पाइप आणि पत्रा दोन्ही थोडे वाचतात. पण आमच्याकडे पाऊस आडवा येतो. पाणी पाख्यावरून पळालं पाहिजे.

आडव्या पाइपांची अंतरं लिहून ठेवते, कारण ती कुठे सापडली नाहीत. वळचणीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) आढ्याकडे २.५, ३.५, ४, ३.५, २.५ फूट. कडेला जवळजवळ, मध्ये लांब. मध्ये सगळीकडे चार फूट ठेवलं असतं तरी पत्रा पेलला असता. पण वारा पत्र्याला धरतो तो वळचणीला आणि आढ्याला, म्हणून तिथे पाइप दाट. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला आधीचा रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) जळतो, तो घासून पुन्हा दोन हात दिला. हे काम सहज विसरलं जातं. हे सुट्टीला मुंबईहून आले होते, त्यांनी आणि मी दोन दिवस ब्रश घेऊन तेवढंच केलं.

लोखंड १,८४० किलो, ६८ रुपयांनी १,२५,१२०. मजुरी किलोला १८, म्हणजे ३३,१२०.

२० एप्रिल

पत्रा आला. वळचणीपासून आढ्यापर्यंत अखंड १७ फुटी, मध्ये जोड नाही. एका पाख्याला ११, एकूण २२. हिशेब असा : ३७४ फूट लांबी गुणिले साडेतीन फूट रुंदी, १,३०९ चौरस फूट, ५२ रुपयांनी ६८,०६८, वर १८ टक्के जीएसटी १२,२५२. एकूण ८०,३२०.

बिल पूर्ण रुंदीवर होतं, पण शेजारच्या पत्र्यावर चढणारा भाग (चढाव) गेल्यावर झाकली जाते सव्वातीन फुटांच्या जराशी वर. मी आधी साडेतीन धरून दहा पत्रेच काढले होते. दुकानातल्या मुलाने चूक पकडली, त्याचे आभार.

पत्रे सपाट रचून ठेवू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की वाळायला जागा नसते आणि पांढरे डाग पडतात. आम्ही एका टोकाला वासा घालून ते टोक उंच ठेवलं.

२३ एप्रिल

आज उलटं काम झालं.

पावसाळी वारा आमच्याकडे नैर्ऋत्येचा. तेव्हा पत्रे लावायला सुरुवात उत्तरेच्या टोकाने करायची आणि दक्षिणेकडे सरकायचं, म्हणजे वर येणाऱ्या पत्र्याची कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. हे मी फॅब्रिकेटरना सांगितलं होतं. पण शिडी दक्षिणेला लागलेली होती आणि कामगारांनी तिकडूनच सुरुवात केली. मी डबे घेऊन आले तेव्हा दोन पत्रे पक्के झाले होते.

"बाई, सगळीकडे असंच लावतात. वरून सिलिकॉन मारू."

मी म्हटलं, "दादा, सिलिकॉन किती वर्षं टिकेल? मला या पाख्याखाली म्हातारी माणसं झोपवायची आहेत. काढा."

त्यांनी काढले, कुरकूर न करता. पण पत्रे फिरवून लावावेत तर आधीची भोकं पाइपांवर येईनात, ती उघडी राहणार. दोन पत्रे गेले. नव्या दोनांचे ७,३०२, टेम्पोचे १,५०० आणि आठ दिवस. खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला. भोकं पडलेले दोन्ही जपून ठेवलेत, पश्चिमेच्या भिंतीला कामाला येतील.

२४ एप्रिल

स्क्रूबद्दल. फॅब्रिकेटरचा अंदाज ३५० स्क्रू, चार रुपयांचे. मी ७०० आणले, नऊ रुपयांचे. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या ओळींना पत्र्यामागे तीन, आणि दोन पत्र्यांच्या चढावावर दर दीड फुटाला एक छोटा. एकूण फरक ४,९०० रुपयांचा. सगळ्या छपराच्या खर्चात ही रक्कम दिसतही नाही, आणि वादळात पत्रा धरून ठेवणारी वस्तू हीच.

स्क्रू आवळताना खालच्या काळ्या रबरी चकतीकडे बघायचं. लोखंडी चकतीच्या कडेने रबराची अगदी बारीक काळी रेघ दिसली की थांबायचं. मुलगा मशीन दाबून धरायचा तेव्हा रबर फुगून बाहेर यायचं, उंचवटा चेपायचा आणि तिथे वाटीसारखा खळगा व्हायचा. पाणी साचणार ते तिथेच. रबर दिसलंच नाही तर स्क्रू ढिला. असे ४१ स्क्रू मी खडूने खुणा करून पुन्हा करून घेतले. एकदा नीट दाखवल्यावर मात्र त्या मुलाचा हात इतका छान बसला की नंतर बघावं लागलं नाही.

२५ एप्रिल

सकाळी पाख्यावर नारिंगी ठिपके, जणू कोणी हळद-कुंकू शिंपडलंय. काल ड्रिलचा कीस झाडला नव्हता आणि कोपऱ्यावरचा एक पत्रा ग्राइंडरने कापला होता. रात्रीच्या दवाने कीस गंजला. मऊ केरसुणीने झाडून, पाण्याने धुऊन तीन तासांत निघाला. उशीर झाला असता तर रंगात रुतला असता. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कड जळते, लेप जातो. आता पत्रा फक्त कातरीने कापायचा आणि रोज संध्याकाळी छप्पर झाडल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं ठरवून टाकलंय.

२ मे

नवे दोन पत्रे आले, पाखी पूर्ण झाली. झोपायच्या दोन खोल्यांवर पत्र्याखाली १० मिमीचा चंदेरी पाठीचा फोम घातला, चौरस फुटाला २२ रुपये. पडवीवर घातला नाही. हा फोम पत्र्याच्या आधीच अंथरावा लागतो, नंतर घालायची सोय नाही.

८ मे

काल लोकसभेचं मतदान होतं, माझी ड्यूटी दोन दिवस दुसऱ्या गावातल्या केंद्रावर. आज परत आले तर मिस्त्रींनी दक्षिणेच्या त्रिकोणी भिंतीची वरची कड आणि पत्र्याची खालची बाजू यांच्यातली फट सिमेंटच्या मसाल्याने लिंपून टाकलेली. काम सुबक होतं. त्यांना वाटलं, बाई येईपर्यंत करून ठेवू. वाईट वाटलं तरी ते पाडायला सांगावं लागलं. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमच्या लेपाला खातं, आणि मसाला पत्र्याशी पक्का झाला की पत्र्याला उन्हात फुगायला-आकसायला जागा राहत नाही. तो वाळेपर्यंत थांबलो नाही, लगेच खरवडला, भरपूर पाण्याने धुतला. दोन ठिकाणी रंग मंद झालाय, तो कायमचा. फटीत पत्र्याच्या घडीच्या आकाराचे फोमचे तुकडे बसवले, बाहेरून बारीक जाळी मारली.

मिस्त्रींना शांतपणे सगळं समजावलं. त्यांनी या महिन्यात हाती घेतलेल्या दुसऱ्या एका घरी तेच करायचं ठरलं होतं. तिथलं थांबलं.

१९ मे

पश्चिमेची भिंत. पूर्वी मृगाच्या आधी या भिंतीला माडाची झापं बांधायचो. चिरा पाणी पितो, आणि आडव्या पावसात आठवडाभर न्हाला की आतल्या बाजूने ओल फुटते. आता झापं विणणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून इथेही पत्रा, पण भिंतीला चिकटून नाही. मध्ये दोन इंच जागा, खाली-वर उघडी, वारा खेळायला.

भिंतीसाठी ०.४०चा पत्रा घेतला. याच्यावर कोणी चालणार नाही, वानरंसुद्धा, त्यामुळे इथे पैसे वाचवायला हरकत नाही. साडेआठ फुटी सहा तुकडे, जीएसटीसकट ९,२६८. बाकीचे चार त्या दोन वाया गेलेल्या पत्र्यांतून निघाले, १७ फुटांचे बरोबर अर्धे. जुनी भोकं रबरी चकतीच्या रिव्हेटने बुजवली. भिंतीवर पाणी थांबत नाही, तिथे एवढं पुरतं.

चुकलं ते सांगाडा अडकवताना. पाइप चिऱ्यात प्लॅस्टिकचे प्लग ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी मी एका पाइपाला धरून लोंबकळले तर तीन प्लग लाल भुकटीसकट बाहेर आले. चिरा मऊ, छिद्रांचा, त्यात प्लग धरत नाही. सगळं उतरवलं. मग उभ्या पाइपांची खालची टोकं जोत्याच्या बीमला, मधली लिंटेलला (दारं-खिडक्यांवरच्या बीमला) आणि वरची छपराखालच्या बीमला बोल्टने अडकवली. आडवे पाइप त्यांवर. चिऱ्याला हातच लावला नाही. दोन दिवस आणि ४,२०० रुपयांचा पाइप, पण आता दोन माणसं लोंबकळली तरी हलत नाही.

९ जून

तीन दिवसांपूर्वी पाऊस लागला. पाखी कोरडी, भिंत कोरडी. आढ्याखाली मात्र माजघरात पाच-सहा ठिकाणी थेंब. वारा आला की थेंब, वारा थांबला की बंद. म्हणजे पाणी वरून पडत नव्हतं. वारा ते पत्र्याच्या पन्हळीतून (दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून) वर, आढ्याच्या टोपीखाली (आढं झाकणाऱ्या पत्र्याखाली) ढकलत होता.

उघडीप मिळाली तशी दुपारी टोपी काढली. पत्र्याच्या वरच्या टोकाला पन्हळीचं तोंड पकडीने वर वळवायला हवं होतं, म्हणजे तिथे छोटा बांध तयार होतो. ते राहिलं होतं. फॅब्रिकेटर म्हणाले, असं करतात हे त्यांनी ऐकलेलं, केलं कधी नाही. मी वाचलेलं होतं आणि टोपी बसवायच्या दिवशी माझ्या लक्षातून गेलं. दोघांनी मिळून प्रत्येक पन्हळीला अंगठ्याएवढी वळणं दिली, घडीचा फोम भरला, टोपी परत बसवली. चार तास लागले. सुक्या दिवसांत, टोपीच्या आधी केलं असतं तर तासाभराचं काम होतं.

१४ जुलै

रात्रभर आणि आज दिवसभर ओतलाय. खेडजवळ दिवाणखवटीला दरड आल्याने संध्याकाळी कोकण रेल्वे बंद झाली, हे निघणार होते ते थांबले. बॅटरी घेऊन घरभर फिरलो, आढ्याखाली शिडी लावून हात फिरवून पाहिला. एक थेंब नाही.

आवाज मात्र आहे. फोमच्या खोल्यांत बोलणं ऐकू येतं. पडवीत पावसाची सर आली की बोलणं थांबवावं लागतं, आणि आप्पांची बैठक नेमकी पडवीत. तिथे फोम न घातल्याचं मला फार वाईट वाटतं. साडेचार हजार वाचवले होते. आता खालून लाकडी पट्ट्यांचं तक्तपोशीसारखं छत करायचा विचार आहे, दर काढलाय, तिप्पट पडतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

पावसाळा सरल्यावर वर्षातून एकदा करायची कामं आज केली. वळचणीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुतली. जिथे पाऊस पोचत नाही तिथे खार बसून राहतो आणि गंज तिथून धरतो. पाख्यावरची आंब्याची पानं काढली. वळचणीचे स्क्रू एकेक करून हाताने तपासले, दोन जरा सैल, आवळले.

मग पश्चिमेच्या भिंतीचा खालचा एक तुकडा मुद्दाम उघडला. मे महिन्यात मी चिऱ्यावर साध्या शाळेच्या खडूने तारीख लिहिली होती. ती तशीच आहे, पुसटही झालेली नाही. सासूबाईंनी हात लावून बघितला, मग गाल टेकवला. जोत्यालगतचा हातभर पट्टा तेवढा ओलसर आहे, अंगणातून उडालेल्या पाण्याने. पत्रा जोत्याच्या सहा इंच वर संपवला ते चुकलं. त्याखाली नऊ इंचांची वळवलेली पट्टी घ्यायची, ३० फूट. मोजमाप दुकानात कळवलंय, दिवाळीच्या सुट्टीत हे आले की बसवू.